नाटक कंपनीच्या पेटीतल्या वस्तू नक्की कशाच्या आहेत तेच कळत नाहीये, सुरुवात कुठून करू?

जिन्याखालची_खोली

नमस्कार मंडळी, मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका छोट्या ट्रस्टच्या म्युझियममध्ये काम करते. कॉन्झर्वेशनचा डिप्लोमा झालाय, पण शिकताना हात बसला तो दगड, धातू आणि कागदावर. आता एका जुन्या संगीत नाटक मंडळीच्या वारसांनी पत्र्याची मोठी पेटी आणून दिलीये, आतलं सामान साधारण १९१० ते ३० च्या काळातलं असावं, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू कशाच्या बनवल्यात हेच मला सांगता येत नाहीये.

एक मुकुट आहे, कागदाच्या लगद्याचा वाटतो, वर सोनेरी बेगड आणि खोट्या मोत्यांच्या सरी. अंबाड्यात खोचायच्या आठ-दहा फण्या आहेत, पिवळट, त्यावर तपकिरी डाग, मंडळीच्या जुन्या यादीत नुसतं 'कचकडा' लिहिलंय, त्यामुळे खरं कासवाचं की सेल्युलॉइड ते कळत नाही. एका लाकडी डबीत कवड्यांची माळ आहे, तिच्यावर पांढरी भुकटी आलीये. आणि पेटी उघडली की नाकात झोंबणारा वास येतो, डांबरगोळ्यांचा तर आहेच पण त्याच्या आत अजून काहीतरी आंबट-तिखट आहे.

ट्रस्टींचं म्हणणं, दिवाळीनंतर प्रदर्शन लावायचंय, पुसून चकचकीत करून द्या. माझा प्रश्न असा की वस्तू कशाची आहे तेच माहीत नसताना अनुभवी लोक सुरुवात कशी करतात? आणि फॉर्मवर 'मटेरियल' असा एक रकाना असतो त्यात काय लिहितात? कोरा सोडावासा वाटत नाही आणि अंदाजाने भरायची भीती वाटते कारण पुढची ५० वर्षं लोक तेच खरं धरून चालतील.

आम्लपित्त

ताई, सगळ्यात आधी तो वास. त्यातला आंबट-तिखट भाग सेल्युलॉइडचा असायची दाट शक्यता आहे, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. ते जुनं झालं की त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, हवेतल्या ओलीशी मिळून नायट्रिक ॲसिड होतं आणि ते स्वतःलाही खातं आणि शेजारच्यालाही. त्यामुळे फण्या कशाच्या आहेत हे ठरायच्या आधीच त्या पेटीतून बाहेर काढून वेगळ्या ठेवा, खोली हवेशीर हवी, नायट्राइल ग्लोव्हज घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करू नका कारण ॲसिड आतच कोंडून राहतं आणि वेग वाढतो. ॲसिड-फ्री टिश्यू, उघडा ट्रे, जमल्यास जवळ वाफा शोषणारा ॲक्टिव्हेटेड चारकोल, आणि बल्ब, हीटर, खिडकीचं ऊन यापासून लांब. समजा उद्या कळलं की फण्या खऱ्या कासवाच्याच आहेत, तरी यात त्यांचं काहीही बिघडत नाही. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे, नाव माहीत नसतानाही वस्तूला सुरक्षित ठेवता येतं, फक्त अशी कृती निवडायची जी दोन्ही शक्यतांमध्ये चालेल.

मग बघायला बसा. हात न लावता जेवढं कळतं तेवढं आधी. दहापट भिंग घ्या आणि मागून उजेड टाका, खऱ्या कासवाच्या कवचात तपकिरी डाग बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो, नकलीत रंग ओतल्यासारखा सलग, फराटे किंवा भोवरे असतात. कडेला कीड लागल्याची भोकं किंवा कुरतडल्याच्या खुणा असतील तर केराटिन, म्हणजे खरं कवच किंवा शिंग, कारण सेल्युलॉइडला किडे तोंड लावत नाहीत. उलट आतल्या आत चौकोनी चौकोनी भेगांचं जाळं असेल, पृष्ठभागावर घामासारखे थेंब असतील, तर नायट्रेट. आणि एखाद्या फणीला पितळी पिन किंवा बिजागरी आहे का बघा. पेटीतलं बाकीचं पितळ ठीकठाक आणि फक्त फणीला चिकटलेलं पितळ हिरवंगार झालेलं असेल तर हा फार मोठा पुरावा आहे, कुठल्याही टेस्टशिवाय मिळालेला. फणी ज्या कागदात गुंडाळली होती तो कागदही फेकू नका, तो कुठे तपकिरी पडलाय आणि कुठे नाही ते पण वाचता येतं.

काळावरून काही ठरत नाही. अमेरिकेत सेल्युलॉइडचं हायटचं पेटंट १८७० चं, आणि १९२०-३० च्या दशकांत जपानातून सेल्युलॉइडच्या फण्या, बाहुल्या जगभर जात होत्या, कारण त्याला लागणारा कापूर तैवानमधून यायचा आणि तैवान तेव्हा जपानकडे होतं. कासवाच्या फण्याही त्याच बाजारात मिळत होत्या. एकाच पेटीत दोन्ही असू शकतात, म्हणून दहाच्या दहा फण्या वेगवेगळ्या तपासा, एकीवरून बाकीच्यांचं ठरवू नका.

आता जे करायचं नाही ते. इंटरनेटवर सगळीकडे तापलेल्या सुईची टेस्ट सांगतात, ती करू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं. पुण्यात २००३ साली नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग आठवत असेल अनेकांना, मटेरियल तेच. ॲसिटोनचा बोळा फिरवून बघू म्हणालात तर सेल्युलॉइड विरघळून पृष्ठभागच जाईल. डायफिनाइलअमाइनची टेस्ट खात्रीची आहे, नायट्रेट असेल तर गर्द निळा-जांभळा रंग येतो, पण ते रसायन तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बनवतात, त्यामुळे आधीच सुटून पडलेल्या कणावर, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचून नेणाऱ्या लॅबच्या कपाटात) आणि सवय असलेल्या माणसानेच करायची. वस्तूवर थेट कधीच नाही.

गंजिफा

वर फण्यांबद्दल छान लिहिलंय, मी मुकुटाबद्दल लिहिते कारण माझं बरंच काम सावंतवाडीच्या गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि लाखकामावर झालंय.

तुम्ही बहुतेक विचार कराल की लगदा कशाने चिकटवलाय ते आयोडीनने बघू, निळं-काळं आलं की स्टार्च, म्हणजे कणकेची किंवा मैद्याची खळ. पुस्तकात तसंच दिलेलं असतं. पण आपल्याकडे चिंचोक्याची खळ सर्रास वापरायचे, गंजिफाच्या पानांना तीच, आणि चिंचोक्यात जे असतं ते स्टार्च नाही, झायलोग्लुकन नावाची वेगळी साखळी आहे, तरी तीसुद्धा आयोडीनने निळी होते. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी मैदा की चिंचोका हे ठरत नाहीच, आणि दोघांचं वागणं वेगळं, पाण्यात फुगणं वेगळं, अमायलेज एन्झाइमने मैद्याची खळ सुटते पण चिंचोक्याची सुटत नाही. ज्या पुस्तकातून टेस्ट उचलली ते लिहिणाऱ्याच्या समोर चिंचोका कधी आलाच नव्हता. म्हणून माझी पद्धत अशी की अनोळखी वस्तूवर टेस्ट करायच्या आधी तीच टेस्ट मी ओळखीच्या नमुन्यांवर करून बघते. मैद्याची खळ, चिंचोक्याची खळ, बाभळीचा डिंक, सरस, लाख, राळ, सगळे काचपट्टीवर लावून, वाळवून, नाव आणि तारीख घालून ठेवलेत, दरवर्षी त्यात भर पडते. तुमच्या गावात कोणी जुने मुकुट करणारे किंवा गणपतीचं मखर-बेगडकाम करणारे कारागीर असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा, ते काय उकळतात, कशात काय मिसळतात ते विचारा आणि त्यांच्याकडून थोडा नमुना मागून घ्या. लॅबच्या रिपोर्टमध्ये 'पॉलिसॅकराइड' एवढंच येईल, चिंचोका हे तो माणूसच सांगेल.

बेगडाबद्दल एक काकुळतीची विनंती, त्याला पॉलिश, चिंच-मीठ, स्पिरिट काहीही लावू नका. पुष्कळदा खाली पांढरट कथलाचा पत्रा असतो आणि सोनेरीपणा हा वरच्या पिवळ्या व्हार्निशचा असतो. ते लाखेचं असेल तर स्पिरिटच्या एका बोळ्यात सोनं उतरून चांदी राहील. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारून बघा, लाख असेल तर बहुधा नारिंगी झाक दिसते. स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात, त्यात जांभळ्या उजेडाचाच गोंधळ होतो, ३६५ चा घ्या. आणि नारिंगी दिसली तरी 'लाख असावी' एवढंच लिहा, मिश्रणं खूप असतात. खोट्या मोत्यांना तर सध्या हातच लावू नका, आत काच आहे की मेण की अजून काही ते एखादा फुटलेला मणी सापडला तर त्याच्या कडेवरून कळेल.

शंख_शिंपले

पांढऱ्या भुकटीचं थोडक्यात लिहितो. बुरशी म्हणून लगेच पुसू नका. भिंगाखाली धागे, जाळी दिसली तर बुरशी, बारीक स्फटिक किंवा सुया दिसल्या तर क्षार. लाकडातून ॲसिटिक ॲसिडची वाफ निघत राहते आणि बंद डबीत ती कवडीतल्या कॅल्शियम कार्बोनेटला लागली की असे क्षार वर येतात. १८९९ साली बायन नावाच्या संग्राहकाने शिंपल्यांवरच्या या भुकटीबद्दल लिहिलं होतं, त्याला संशय जिवाणूंचा होता, तो पुढे चुकीचा ठरला पण आजही त्याला बायन्स डिसीजच म्हणतात. माळ लाकडी डबीतून काढून कार्डबोर्ड नसलेल्या, हवा खेळणाऱ्या जागी ठेवा, धुऊ नका, कवड्या ओवलेला धागा रंगीत असेल तर रंग पसरेल.

तिसरी शक्यता जास्त काळजीची आहे. जुन्या पेट्यांत लोक कीड लागू नये म्हणून काय काय टाकायचे, नॅप्थलीन, डीडीटी, संग्रहालयांत तर आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षारसुद्धा वापरायचे. त्यामुळे पांढरं काहीही असलं तरी ते विषारी आहे असं धरूनच चाला, मास्क, ग्लोव्हज, आणि ब्रशने झटकायचं नाही. पोर्टेबल एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) कोणाकडून तासाभरासाठी मिळालं तर आर्सेनिक-पारा लगेच कळतो, डीडीटी मात्र त्यात धड पकडता येत नाही, त्याला वेगळी तपासणी लागते.

विदर्भातलं_ऊन

चिकटवायची वेळ येईल तेव्हाचं बोलतो. शिकताना आपल्याला सगळं पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनने चिकटवायला शिकवतात, आणि चांगलंच आहे ते, वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही, परत विरघळवता येतं. पण ते ४० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि पत्र्याच्या छपराखालच्या स्टोअरमध्ये काय होत असेल ते बघा. सांधा सुटत नाही, हळूहळू घसरतो, आणि पावसाळ्यात लक्षात येतं की तुकडा जागेवरून सरकलाय. त्याच कुटुंबातलं बी-४८एन ५० अंशाला आणि बी-४४ ६० ला मऊ पडतं, तिकडे बघायला हवं, किंवा मिश्रण करायला हवं. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण, पॅरालॉइड बहुतेकदा ॲसिटोनमध्ये बनवतात आणि फणी सेल्युलॉइडची निघाली तर चिकटवता चिकटवताच ती विरघळेल. त्यामुळे तुटलेल्या फण्या सध्या चिकटवूच नका, तुकडे जागच्या जागी बसतील असा फोमचा खाचा कापा, प्रदर्शनातही तसंच मांडता येतं.

अजिंठ्याचं उदाहरण मी नेहमी देतो, इथेही देतो. १९२० नंतर निजामाच्या सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणले, त्यांनी सुटणारा गिलावा चिकटवून वाचवला हे खरंय, ते काम उत्तम होतं. पण रंग उठून दिसावेत, टिकावेत म्हणून चित्रांवर लाखेचं व्हार्निशही चढलं. त्यांच्या दृष्टीने ते खात्रीचं, हातातलं मटेरियल होतं. पुढे ते पिवळं-तपकिरी झालं, धूळ धरून बसलं, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षानुवर्षं गेली. त्याआधी एकोणिसाव्या शतकात चित्रकार जॉन ग्रिफिथ्सच्या वेळी नकला काढतानाही व्हार्निश फासलं गेलं होतं. त्यामुळे थरावर थर, आणि या कोपऱ्यात जे द्रावण चाललं ते त्या कोपऱ्यात चालेलच असं नाही. म्हणून मला अनोळखी मटेरियलपेक्षा ओळखीच्या मटेरियलचीच जास्त भीती वाटते, तिथे आपण टेस्ट करायची सोडून देतो.

जिन्याखालची_खोली

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. आज फण्या वेगळ्या करून ट्रेमध्ये ठेवल्या. भिंगातून बघितलं तर बहुतेकांत डाग भोवऱ्यासारखे सलग आहेत, पण दोन फण्यांमध्ये ठिपके ठिपके दिसतायत आणि त्यातल्या एकीच्या दात्यांवर किडीने खाल्ल्यासारखे खड्डे आहेत. भोवरेवाल्यांपैकी एकीला पितळी बिजागरी आहे आणि ती पूर्ण हिरवी, त्याच्याच शेजारचा पितळी कमरपट्टा साधा काळपट पडलाय फक्त. पांढऱ्या भुकटीत धागे दिसले नाहीत.

आता दोन गोष्टी राहिल्या, ट्रस्टींना काय सांगू आणि रकान्यात काय लिहू?

जुनी_वही

वा, बिजागरीचं निरीक्षण फार छान. त्याचा फोटो काढा, कमरपट्ट्यासकट एकाच फ्रेममध्ये.

रकान्याबद्दल. एका शब्दात उत्तर द्यायची सक्ती तुम्ही मानूच नका. मी तीन पातळ्या वापरते, 'आहे', 'असावं', आणि 'माहीत नाही', आणि प्रत्येकाला लागून कारण लिहिते. तुमच्या फणीसाठी मी असं लिहीन: 'सेल्युलोज नायट्रेट असावं. आधार: डाग सलग, भोवऱ्यासारखे, आंबट-तिखट वास, बिजागरीचं पितळ हिरवं, त्याच पेटीतला कमरपट्टा तसा नाही. रासायनिक तपासणी झालेली नाही.' खाली तारीख आणि सही. आणि ठिपकेवाल्या फणीसाठी: 'कासवाचं कवच असावं, शिंगाची शक्यता नाकारलेली नाही. आधार: ठिपक्यांचे डाग, किडीचे खड्डे.' ही फणी कवचाची निघाली तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ची बाब येते, देवाणघेवाण, प्रदर्शनासाठी बाहेर पाठवणं, यावर परिणाम होतो, त्यामुळे ट्रस्टींना हे लेखी कळवून ठेवा. तुम्ही भीती लिहिलीत ना की पुढची ५० वर्षं लोक खरं धरतील, ते धरतात कारण आधीच्या माणसाने कारण लिहिलेलं नसतं. कारण लिहिलं की पुढचा माणूस ते तपासू शकतो, खोडू शकतो. जुनी नोंद पुसू मात्र नका, यादीतला 'कचकडा' तसाच राहू द्या, तुमचं खाली लिहा. आणि ज्या टेस्ट केल्या नाहीत त्या का केल्या नाहीत तेही लिहा, नाहीतर पुढच्याला वाटेल राहून गेलं असेल आणि तो सुई तापवायला घेईल.

ट्रस्टींचं. 'मला माहीत नाही' एवढंच सांगितलंत तर ते दुसऱ्या कोणालातरी बोलावून पॉलिश करून घेतील, हे मी होताना पाहिलंय. त्यापेक्षा त्यांना टेबलापाशी बोलवा, भिंग त्यांच्या हातात द्या, हिरवी बिजागरी आणि तो कमरपट्टा शेजारी शेजारी दाखवा, आणि सांगा की ही फणी बंद काचेच्या पेटीत मुकुटाशेजारी ठेवली तर मुकुटाच्या बेगडाचं हेच होईल. मग पर्याय द्या: मुकुट आणि कमरपट्टा प्रदर्शनात, फण्यांचे मोठे फोटो, आणि शेजारी एक पाटी की या फण्या कशाच्या आहेत हे शोधायचं काम चालू आहे. लोकांना ते वाचायला आवडतं, पाटीपाशी थांबून प्रश्न विचारतात, कधी कधी एखाद्या आजी सांगतात की आमच्याकडे अशीच होती. शोकेसमध्ये नवीन मखमल किंवा प्लायवूड घालणार असतील तर त्याचीही तपासणी सुचवा, ब्रिटिश म्युझियमच्या ऑडी यांनी १९७३ साली मांडलेली टेस्ट, चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे त्या मटेरियलसोबत थोडं पाणी घालून बंद बरणीत ६० अंशावर २८ दिवस ठेवायचे आणि त्यांचा रंग बदलतो का, गंज चढतो का बघायचं. दिवाळीनंतर लावायचं असेल तर आत्ताच सुरू करावी लागेल.

आम्लपित्त

तपासणीसाठी पाठवायचं असेल तर फणी पाठवू नका, ट्रेमध्ये आपोआप पडलेले कण पुरतात, तिळाच्या निम्मे असले तरी चालतात. काचेच्या छोट्या बाटलीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नाही, आणि बाटलीवर ॲक्सेशन नंबर (म्युझियमच्या नोंदवहीतला क्रमांक) आणि कण फणीच्या कुठल्या भागाखाली सापडला ते लिहा. प्रत्येक फणीची बाटली वेगळी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे, लखनौला एनआरएलसी ही सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, त्यांना आधी फोटो पाठवून विचारा. नाहीतर जवळच्या विद्यापीठाच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्र) बहुतेक असतंच, पण तिथले लोक रोज औषधं आणि पॉलिमर बघतात, १०० वर्षं जुनी फणी नाही, म्हणून हे सांगून ठेवा: नायट्रेट असेल तर १६५०, १२८० आणि ८४० च्या आसपास पीक (ग्राफवरचे उंचवटे) शोधा. १७४० जवळ पीक दिसला म्हणून सेल्युलोज ॲसिटेट (दुसरंच प्लॅस्टिक) असं लिहून देऊ नका म्हणावं, सेल्युलॉइडमधल्या कापराचाही पीक तिथेच येतो. आणि ठिपकेवाल्या फणीचाही कण पाठवा, तिथे प्रोटीनचे पीक साधारण १६५० आणि १५४० ला आले तर केराटिन. १६५० दोन्हीकडे आहे हे लक्षात असू द्या, एकट्या त्या पीकवर कोणी निकाल दिला तर पूर्ण ग्राफ मागून घ्या आणि इथे टाका, आपण सगळे मिळून बघू.